चेअरमनला उर्दूत सदर म्हणतात

आमच्या गावात 'चेअरमन' हा शब्द एकाही माणसाला सरळ म्हणता येत नाही. माझी आजी धुरपताबाई 'चेरमन' म्हणते, आणि 'चे'वर असा जोर देते की चूल फुंकतेय असं वाटावं. व्यंकटराव 'चेअर्मॅन' म्हणतात, कारण ते औशाच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत गेले होते आणि ही गोष्ट गावानं विसरू नये असं त्यांना वाटतं. ग्रामसेवक 'चेर्मनसायब' असं एका दमात म्हणून टाकतो, गोळी गिळल्यासारखं. मला या सगळ्यांसारखं म्हणता येतं. म्हणून वस्तीवर माझं नाव पोपट पडलंय.

पण ज्यांच्या मागं हा शब्द लागला, त्या लिंबाजीआबांची नक्कल मला अजून जमलेली नाही. ते हळू बोलतात आणि मध्येच थांबतात. जणू पुढचा शब्द आधी दुसऱ्याच भाषेत येतो, आणि मग त्याला हाताला धरून मराठीत आणावं लागतं.

आणि खरंच तसंच आहे. निजामाच्या अमलात आबा पोरसवदा असताना औशाच्या अदालतीत पंखा ओढायला होते. मुन्सफाच्या डोक्यावर कापडाचा लांब पंखा, त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात, आणि दोरीच्या टोकाला आबा. आतलं दिसायचं काहीच नाही, ऐकू मात्र सगळं यायचं. कारभार सारा उर्दूत. कोण मुद्दई म्हणजे वादी, कोण मुद्दालेह म्हणजे प्रतिवादी, कुणाची पेशी, कुणाला कैद. एका पेशकारानं, म्हणजे अदालतीतल्या कारकुनानं, गंमत म्हणून त्यांना अलिफ, बे शिकवलं आणि गंमत संपायच्या आत आबा वाचायला लागले. पुढं पोलीस ॲक्शन झालं, अदालतीचं कोर्ट झालं, उर्दू गेली, पंखाही गेला. आबा ती अक्षरं घेऊन गावी आले आणि लोकांच्या रानात कामाला लागले. छप्पननंतर वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा देवाचे फोटो काढून भिंतीवर नवे फोटो लावले. आबांच्या भिंतीवर पेशकारानं लिहून दिलेलं त्यांचं उर्दू नाव तेवढं जुनं राहिलं.

लातूर जिल्हा झाला तेव्हा लोकांना वाटलं, कचेरी जवळ आली म्हणजे पाणीही जवळ येईल. कचेरी जवळ आली.

गेल्या उन्हाळ्यात टँकर सुरू झाला तो थेट व्यंकटरावांच्या मळ्यातल्या विहिरीत रिकामा व्हायचा. तिथून गावानं पोहऱ्यानं पाणी काढायचं आणि वस्तीनं कुणीतरी ओतेल म्हणून घागर धरून उभं राहायचं. एक दिवस माझी आजी आणि वस्तीतल्या बायका रस्त्यात टँकरच्या पुढं बसल्या. त्याचा परिणाम म्हणून यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला एक जीप आली. जीपमधल्या साहेबांनी सांगितलं की गावात पाणी समिती होईल, तिला एक चेअरमन असेल, निम्मा टँकर गावाच्या विहिरीत आणि निम्मा वस्तीच्या विहिरीत जाईल, आणि चेअरमननं समोर उभं राहून सही केल्याशिवाय ड्रायव्हर नळी उघडणार नाही. चेअरमन नसेल तर टँकर माघारी.

"आणि चेअरमन वस्तीतला हवा," साहेब म्हणाले.

ग्रामपंचायतीच्या खोलीत खुर्ची एकच. तिच्यावर व्यंकटराव बसले होते. त्यांनी क्षणभर विचार केला, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की मला तेव्हाच संशय आला. "मग लिंब्याला करा," ते म्हणाले. "शिकल्यालं हाय. उर्दू येती त्याला."

आबा दाराजवळ उभे होते. त्यांनी विचारलं, "साहेब, चेअरमन म्हंजे सदर का?"

"सदर? सदर काय?"

"उर्दूत चेअरमनला सदर म्हणतात. सदर-ए-मजलिस." आबा थांबले, शब्द आणायला गेले, घेऊन आले. "मजलिशीत सगळ्यात वरच्या जागी बसतो त्यो."

सगळ्यांनी आधी खुर्चीवरच्या व्यंकटरावांकडं पाहिलं, मग दारातल्या आबांकडं, आणि खोली हसली. व्यंकटराव सगळ्यांत जास्त हसले. "वा, सदरसाहेब," ते म्हणाले.

त्या दिवसापासून लिंब्या गेला आणि सदरसाहेब आले. व्यंकटराव हा शब्द असा लांबवतात, 'सदर्रर्र साहेब', की एखाद्यानं सतरंजी झटकावी. आजी म्हणाली, "लिंब्या बरं व्हतं. निदान समोरासमोर तर व्हतं."

आबांना मात्र तो शब्द आवडला होता. मला हे ठाऊक आहे, कारण मी व्यंकटरावांची नक्कल करून 'सदर्रर्र साहेब' म्हटलं की त्यांची मान जरा सरळ व्हायची. आपली टिंगल चाललीय हे त्यांना कळत होतं. पण टिंगलीतसुद्धा शब्द बरोबर होता.

पहिल्या काही आठवड्यांतच कळलं की चेअरमन म्हणजे शाळेच्या कोपऱ्यावरच्या दगडावर बसणारा माणूस. टँकर कधी येईल हे कुणालाच माहीत नसायचं. सकाळी येईल, दुपारी येईल, आज येईल, उद्या येईल. आबा उजाडलं की दगडावर. ऊन सरकेल तसे ते दगडाभोवती सरकायचे. टँकर उशिरा आला की बायका त्यांना बोलायच्या. पाणी कमी पडलं की गाव म्हणायचं वस्तीकडं जास्त सोडलं, आणि वस्ती म्हणायची गावाकडं जास्त सोडलं. आबा दोघांनाही 'जी' म्हणायचे.

एकदाच ते औशाला गेले, दमाच्या गोळ्या संपल्या म्हणून. नेमका टँकर आला. ड्रायव्हर खाजामियाँनं भोंगा वाजवला, वाट पाहिली, ग्रामसेवकाला विचारलं, आणि भरलेला टँकर वळवला. सगळं गाव घागरी घेऊन उभं, आणि टँकरच्या तोटीतून थेंब थेंब पाणी रस्त्यावर पडत चाललेलं. बायका त्या ओल्या ठिपक्यांच्या मागं चालत गेल्या, पार डांबरी रस्त्यापर्यंत. त्यानंतर आबा लग्नाला गेले नाहीत, मौतीला गेले नाहीत, बाजारालाही नाहीत.

खाजामियाँ औशाचा. तो चेअरमन हा शब्द वापरतच नाही. खाली उतरला की हात कपाळाला लावतो. "सलाम, सदर साब." आणि हे तो हसून म्हणत नाही, त्याच्या भाषेत तो शब्दच तसा आहे. एकदा नळीतून पाणी पडत असताना तो म्हणाला, "सदर बोले तो छाती बी होता, मालूम? हकीम लोगां छाती को सदर बोलते."

आबांनी एकदा पाण्याकडं, एकदा रांगेकडं पाहिलं. मग म्हणाले, "तरीच समदे माज्यावरच येतात."

इथवर हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. पण मग नरसिंग आला.

नरसिंग म्हणजे आबांचा जावई. आबांची एकुलती लेक पंचशीला धर्माबादला दिली आहे. तिकडं राहून नरसिंगच्या मराठीला एक हेल चढलाय, वाक्य शेवटाला वर उचलतो, आणि दमला की 'अय्यो' म्हणतो. तो आला तोच घाम पुसत.

"अय्यो मामा, काय ऊन हाय." बसला, आणि बोलायचं ते बोलायला त्याला वेळ लागला. "पंचशीलाचे दिवस भरत आले."

"मग आणून सोड की," आबा म्हणाले. "पैलं बाळंतपण माहेरातच व्हाया पायजे."

"मामा, राग मानू नका." नरसिंग खाली बघत होता. "गावात प्यायला पाणी न्हाई. बाळंतिणीला न्हाऊ कशानं घालनार?"

आबांची बायको केवळाबाई जाऊन बरीच वर्षं झाली. ती गेली तेव्हा पंचशीला दप्तर सांभाळायच्या वयाची होती, आणि आबांनी लेकीला शब्द दिला होता की आईचं जे जे करायचं ते मी करीन. आता पोर म्हणत होती, बाबा आल्याशिवाय मी दवाखान्यात पाऊल टाकणार नाही. सासूनं समजावलं, शेजारणींनी समजावलं. ऐकेना.

"लई भिऊन राहिली ती," नरसिंग म्हणाला. "रात्री उठून रडत राहते. तिची आई बाळंतपणातच गेली ना. तुमीच या, मामा. संगंच चला."

"येतो," आबा म्हणाले. "चारचौघांना सांगून येतो. तू हो म्होरं."

चारचौघांना सांगायला ते निघाले. पहिल्यांदा व्यंकटरावांकडं गेले. पाण्यासाठी रांगेत थांबल्यासारखी मीही मागं उभी होते.

"जा की, सदर्रर्र साहेब," व्यंकटराव म्हणाले. "आजा व्हायलास. जायलाच पायजे. टँकरचं मी बघतो."

एवढंच. पण 'मी बघतो' म्हणजे काय ते सगळ्यांनी गेल्या उन्हाळ्यात बघितलं होतं. आबा तिथून वस्तीवर आले. वस्तीवर त्यांना कुणी जा म्हणालं नाही, कुणी थांबा म्हणालं नाही. लोक नुसते आपापल्या रिकाम्या रांजणाकडं बघू लागले. शेवटी दगडोबा म्हणाला, "लिंबाजी, तू गेलास की टँकर मळ्यात. मग आमी पुन्यांदा घागरी धरून हुबं राहायचं का?"

"तू हो मग चेअरमन."

"म्या?" दगडोबा म्हणाला. "मला व्यंकटरावाच्या रानात काम हाय बाबा."

जो तो हेच म्हणाला, वेगवेगळ्या आवाजात. मला सगळे आवाज पाठ आहेत. पण त्या दिवशी मी कुणाचाच काढला नाही.

मग आबा म्हणाले, आपण लातूरला जाऊ. ज्यांनी चेअरमन केलं त्यांनाच सांगू. टँकर येऊन गेल्यावर, दुसऱ्या दिवशी तो येण्याच्या आत परत यायचं या हिशेबानं, आम्ही एसटी पकडली. आजीनं मला बरोबर दिलं. "तू बोलती हायस," ती म्हणाली. "भावजी बोलता बोलता थांबतेत, तवर सायब जेवाया जातो."

लातूरच्या त्या कचेरीत अजून निम्म्या कपाटांवर जुन्या जिल्ह्याचं नाव होतं. टेबलामागं एक कारकून होते, साताऱ्याकडचे. बोलणं स्वच्छ, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. वाईट माणूस नव्हता. आबांना त्यांनी बसायला सांगितलं. आबा बसले नाहीत, सवयीनं. अर्ज आबांनी स्वतः लिहिला होता. कारकुनांनी तो वाचला, पुन्हा वाचला.

"आजोबा, 'मला सदर पदातून मोकळे करावे.' हे सदर पद म्हणजे कुठलं पद?"

"सदर."

"हो, सदर. पण कुठलं?"

"सदरचं."

"अहो, सदर म्हणजे वर सांगितलेलं. तुम्ही वर काही सांगितलेलंच नाही."

"वर म्याच हाय की," आबा म्हणाले. "सदर सगळ्यात वरच असतंय."

कारकुनांनी चष्मा काढला. "म्हणजे सदर इसम तुम्ही?"

"हाव. म्याच सदर इसम."

"कुणी तक्रार केलीय तुमच्यावर?"

"समदेच करतेत."

इथं मात्र मला हसू आवरेना, आणि मी तोंड उघडलं. सांगितलं की उर्दूत चेअरमनला सदर म्हणतात, आणि हे चेअरमन आहेत, आणि यांच्या लेकीचे दिवस भरलेत. कारकूनही हसले. त्यांनी पाणी मागवलं. पेला भरून आला, तेव्हा आबांनी त्याच्याकडं असं पाहिलं की कारकुनांचं हसणं थांबलं.

"मग सरळ अध्यक्ष लिहायचं ना," ते म्हणाले.

"अध्यक्ष तर जयंतीचा असतोय," आबा म्हणाले.

कारकुनांनी नियम काढून पाहिला. मग ज्या आवाजात त्यांनी तो सांगितला, तो आवाज मला परतीच्या एसटीत लगेच जमला, पण मी काढला नाही. राजीनामा समितीच्या सभेत द्यायचा. सभा चेअरमननं बोलवायची. सभेनं दुसरा चेअरमन नेमायचा. तोवर आहे तोच चेअरमन.

"आन दुसरा कुणी झालाच न्हाई तर?"

"तर तुम्हीच," कारकून म्हणाले. "नाइलाज आहे, आजोबा."

आबा एसटीत खिडकीकडं बसले होते. बाहेर ज्वारीची मोकळी रानं पळत होती. ते म्हणाले, "पंखा ओढायचो तवा बरं व्हतं. दोरी सोडली तर मुन्सफालाच घाम यायचा."

सभा भरली. व्यंकटराव खुर्चीवर, बाकीचे जमिनीवर, आबा उभे. बाहेर घागरींची रांग, कारण त्या दिवशी टँकर यायचा होता. आबांनी सांगितलं, मला लेकीकडं जायचंय, माझ्या जागी कोण होतंय? कुणीच नाही. तशी व्यंकटरावांनी मांडी बदलली. ते आता बोलणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "धुरपतावैनीला करा."

माझी आजी दारात बसली होती. तिला आधी कुणी विचारलेलं नव्हतं. तिनं आबांकडं पाहिलं ते मी पाहिलं. त्यात होकार नव्हता.

"बाई?" व्यंकटराव म्हणाले. "अरे, चेअर्मॅन. मॅन म्हणजे पुरुष. इंग्रजीतच हाय ते, मी थोडंच केलंय."

"सदरमदी मॅन न्हाई," आबा म्हणाले. "सदर बाई बी असतीय, बाप्या बी. आन तुमीच मला सदर म्हणता न्हवं?"

खोलीत कुणी तरी 'आरं वा' म्हणालं. पण व्यंकटराव असे हरत नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "बरं. मग पाणी बी उर्दूत आणा."

खोली हसली. आबा शब्द आणायला गेले आणि रिकामे परत आले.

तेवढ्यात भोंगा वाजला. खाजामियाँ आला होता. तो दाराशी येऊन उभा राहिला, कपाळाला हात लावला. "सदर साब, दस्तखत."

आबांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. लहान पोरं खाऊ लपवतात तसे. "म्या आता सदर न्हाई," ते म्हणाले.

"फिर कौन?"

बाहेर टँकरच्या तोटीतून थेंब पडायला लागले होते, ते आत ऐकू येत होतं. खाजामियाँनं पुन्हा विचारलं, "मेरे को आगे दो गावां है. कौन, बोलो?" व्यंकटराव उठायला लागले. त्यांचं धोतर खुर्चीच्या पट्टीत अडकतं, त्यामुळं त्यांना उठायला नेहमी वेळ लागतो.

"म्या," आजी म्हणाली.

ती उभी राहिली होती, कमरेवर घागर. आवाज चिडका होता, पोरं ऐकत नाहीत तेव्हा असतो तसा.

"समितीवर बाई नाही," ग्रामसेवक म्हणाला. "ठराव नाही, काही नाही. असं कसं लिहू?"

तेव्हा रांगेतून एक बाई पुढं आली. ती ग्रामसेवकाची बायको, सुमनबाई. तिच्या हातात दोन घागरी होत्या आणि काखेत रडणारं पोर. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "लिवा की."

ग्रामसेवकानं पेन उघडलं. समितीच्या वहीत लिंबाजी खोडलं, धुरपताबाई लिहिलं, आणि पुढं पेन अडलं. चेअरमन लिहावं की काय?

"सदर लिवा," आबा म्हणाले.

खाजामियाँनं कागद पुढं केला. आजीनं अंगठा उमटवला, आणि शाईचा अंगठा लुगड्याला पुसला. "सलाम, सदर साहिबा," तो म्हणाला, आणि नळी उघडायला गेला. व्यंकटराव उभेच होते. आता बसावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं.

आबांनी पाणी पडेपर्यंत वाट पाहिली नाही. त्यांची पिशवी भरलेलीच होती. आजी विहिरीपाशी होती, तिच्याजवळ ते थांबले.

"वैनी, तुला न विचारता..."

"जावा भावजी," ती म्हणाली. "एसटी जाईल." तिनं वर पाहिलं नाही.

लातूर, नांदेड आणि पुढं धर्माबाद. तिकडं काय झालं ते नरसिंगनं येऊन सांगितलं. आबा दारात दिसले तशी पंचशीला उठली, म्हणाली चला, आणि बापाच्या हाताला धरून दवाखान्यात चालत गेली. मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. आबा स्वतः चुलीवर पाणी तापवतात, आणि बाळंतिणीला न्हाऊ घालायला आलेल्या बाईला सांगतात, जपून ओता, जपून. ती बाई वैतागलीय.

"आन काय निरोप?" आजीनं विचारलं. ती दगडावर बसली होती, शाळेच्या कोपऱ्यावर. सकाळपासून.

"रोज एकच विचारून राहिले," नरसिंग म्हणाला. "टँकर आला का म्हणून. मला म्हणाले, बघून ये आणि सांग. तोवर त्यांना जेवण गोड लागत न्हाई."

टँकर आदल्या दिवशी आला नव्हता. त्याच्या आदल्या दिवशीही नाही. रस्ता डांबरीपर्यंत मोकळा दिसत होता. घागरी ओळीनं लावलेल्या, आणि बायका सावलीत बसून आजीला ऐकू जाईल इतपत बोलत होत्या.

"आला म्हणून सांग," आजी म्हणाली.

नरसिंगनं घागरींकडं पाहिलं.

"आला म्हणून सांग," तिनं पुन्हा म्हटलं. "आन बारसं झाल्याबिगर येऊ नका म्हणावं." मग मला म्हणाली, "पाव्हण्याला पाणी दे."

मी तांब्या आणला. नरसिंग अर्धा तांब्या पाणी प्याला, आणि उरलेलं झाकून परत माझ्या हातात दिलं.